क्यूबचे आकडे आम्हालाही दाखवा

जिवती तालुक्यातल्या सरकारी बांधकामांवर सह्या करणाऱ्या अभियंता साहेबांना,



आमच्या पहाडाखाली गडचांदूरला आणि पलीकडे आवारपूरला सिमेंटचे कारखाने आहेत. त्यामुळे पहाडावर नाली फुटली की सिमेंटला कोणी नावे ठेवत नाही, शिव्या पडतात ठेकेदाराला. मला बोलायचे आहे ते तुमच्याशी. मोजमाप तुमच्या हातात आहे.

काँक्रीट तपासायचा नियम चांगलाच आहे. त्याच काँक्रीटचे 150 मिलिमीटरचे तीन क्यूब भरायचे, 28 दिवस पाण्यात ठेवायचे, मग यंत्रात दाबून फोडायचे. एम-20 या काँक्रीटच्या प्रतीतले 20 म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन. पण ही सरासरी नव्हे. शंभर निकालांतले पाचांहून जास्त निकाल 20 च्या खाली जाऊ नयेत, असा तो हिशेब आहे. नुसती सरासरी 20 भरली, तर निम्मे निकाल खालीच असू शकतात. ठिसूळ वस्तू, मग ती काँक्रीटची असो की चिनीमातीची, सरासरीवर टिकत नाही. जिथे कच्ची, तिथून जाते. स्वीडनच्या वालोडी वाइबुल यांनी 1939 साली याचेच गणित मांडले. म्हणून सरासरीइतकाच निकालांतला फरकही बघावा लागतो. तीन क्यूबांपैकी एखादा सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त ढळला, तर काँक्रीटचे भारतीय मानक आयएस 456 तो नमुनाच धरत नाही.

बरे, क्यूब महिनाभर हौदात आणि रस्ता मे महिन्याच्या उन्हात! पहाडावर उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे रस्त्यावर पाणी कोण मारणार? कोरड्या, गरम हवेत निदान 10 दिवस काँक्रीट ओले ठेवा आणि राख मिसळलेले सिमेंट असेल तर 14 दिवस, असे तेच मानक सांगते. पोती बहुतेक याच सिमेंटची येतात. तेव्हा कागदावर क्यूब पास आणि जागेवर गिट्टी उघडी, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

शंका आली तर कोर, म्हणजे झालेल्या कामातून कापलेला काँक्रीटचा नमुना, काढायची सोय आहेच. तीन कोरांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के हवी आणि एकही कोर 75 टक्क्यांखाली नको.

मागणी साधी आहे. कामाच्या फलकावर खर्चाच्या आकड्याखाली प्रत्येक क्यूबचा निकाल, माल ओतल्याची तारीख आणि पाणी किती दिवस मारले ते लिहा. उन्हाळी कामाच्या अंदाजपत्रकात पाण्याच्या टँकरचा खर्च वेगळा धरा. आणि तक्रार आली, तर कोर गावकऱ्यांसमोर काढा.

आपला,
पहाडावरचा एक रहिवासी