एकाच कुळातले दोघे

आई गेल्यानंतरची आमची ही पहिली दिवाळी. तिचे सारे फोटो सौ.च्या फोनात. "अहो, फोन बिघडला तर?" सौ.ला एकच धास्ती. मी फोन लिनक्सवरच्या संगणकाला जोडला. चार्जिंग सुरू झाले; फोटो मात्र दिसेनात!

वास्तविक दोघे एकाच कुळातले. अँड्रॉइडचा गाभाही १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सचाच. तरी परवानगीवाचून फोन दार उघडीत नाही. आधी त्याचे कुलूप काढावे. मग सूचनांमध्ये यूएसबीवर बोट ठेवून 'फाइल ट्रान्सफर' निवडावे. तेही केले, व्यर्थ! काही वायरी नुसती वीजच वाहतात, आमची त्यांतलीच.

शेवटी शेजारच्या वहिनींनी फराळाच्या ताटाबरोबर आपली वायर दिली, आणि संगणकावर आई हसली. वाचकहो, घरच्या फोटोंची नक्कल आजच काढून ठेवा!