अनुदान 80 टक्के, पण आधी पैसे कोण घालणार?

मेहकर तालुक्यातल्या जानेफळ परिसरात सोयाबीन-तुरीचं गणित पावसावर. त्यामुळे पाणी वाचवणाऱ्या ठिबक-तुषारचं महत्त्व इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सरकारची मदतही आहे. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’मधून 55 टक्के आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून 25, असं अल्पभूधारकाला 80 टक्के अनुदान मिळतं.

मग अडतं कुठं? महाडीबीटीवर अर्ज, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी आणि मग खात्यात पैसे. म्हणजे संच आधी स्वतःच्या पैशानं घ्यायचा! मान्य खर्च 1 लाख धरा. त्यातले 80 हजार शेकडा 2 रुपये महिन्यानं उचलले आणि अनुदान 6 महिन्यांनी आलं, तर व्याजच 9,600 रुपये. गाठीला पैसा असणाऱ्याला हा भुर्दंड नाही. योजना एकच, पण गरजवंताला महाग.

बोगस बिलं रोखायला तपासणी हवीच. पण गुजरातमध्ये शेतकरी फक्त आपला वाटा भरतो. अनुदानाची रक्कम सरकारी कंपनी थेट पुरवठादाराला देते. मित्रांनो, आपल्याकडं असं का नको? पुढच्या ग्रामसभेत विचारा. त्यासाठी पदवी हातात यायची वाट बघायला नको.