डॉक्टर दोन, सहीची रेघ एक



आज स्वयंपाकघरातलं काही नाही. दोन वर्षं मनात अडकून राहिलेलं लिहितेय.

माझे मामा तेव्हा 63 वर्षांचे होते. शिरोळकडचं गाव. पहाटे अंघोळ करून अभिषेकाला निघाले आणि अंगणातच डाव्या हातातला तांब्या पडला. तोंड जरा वाकडं वाटत होतं. घरातले म्हणाले, वारं लागलं असेल. तेल चोळलं, गावातल्या डॉक्टरांना बोलावलं आणि दुपारी मिरजेला नेलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळून गेली होती. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी तेल चोळत बसू नका, गाडी काढा. एवढं वाचून पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी मामा गुंगीत जायला लागले. उजव्या मेंदूचा मोठा भाग रक्ताविना मेला होता आणि आता सुजत होता. कवटी हाडाची, सुजेला जागा कुठून मिळणार? ती सूज चांगल्या भागाला दाबते आणि माणूस जातो. सर्जन म्हणाले, "एका बाजूचं हाड काढून ठेवतो, सुजेला बाहेर यायला वाट मिळेल. हाड पोटाच्या कातडीखाली ठेवू, काही महिन्यांनी परत बसवू." मेंदूचे डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल कदाचित, पण कसे वाचतील याचा विचार करा. माझे वडील असते तर मी केलं नसतं." सर्जन तिथेच उभे होते. ते म्हणाले, "माझे वडील असते तर आत्ता टेबलवर असते."

मामी एकदा यांच्याकडे बघत होत्या, एकदा त्यांच्याकडे. मुलगा पुण्याहून निघाला होता, पोचायला वेळ होता. संध्याकाळच्या आत ठरवायचं होतं.

आपल्याला लहानपणापासून अनेकान्त शिकवतात. एकच वस्तू, पाहणारे अनेक, प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या बाजूने खरं. मला तो विचार फार आवडतो. पण त्या दिवशी कळलं की दोघंही बरोबर असले तरी फॉर्मवर सहीची रेघ एकच असते.

नंतर मी या विषयावर बरंच वाचलं. मला वाटत होतं, दोघांपैकी एकाचं ज्ञान कमी असणार. तसं नव्हतं. युरोपात तीन ठिकाणी झालेल्या चाचण्यांचे आकडे 2007 मध्ये एकत्र मांडले गेले. सगळे रुग्ण साठीच्या आतले, ऑपरेशन 48 तासांच्या आत. ऑपरेशन झालेल्यांतले 100 पैकी 78 वर्षभराने जिवंत होते, न झालेल्यांतले 29. इथे वाद फारसा उरत नाही. साठीच्या पुढच्यांसाठी जर्मनीत वेगळी चाचणी झाली, तिचा निकाल 2014 मध्ये आला. त्यात 112 रुग्ण होते. ऑपरेशन न केलेल्यांत सहा महिन्यांत 100 मागे 70 गेले, केलेल्यांत 33. म्हणजे जीव नक्कीच वाचतात. पण ऑपरेशन होऊन पुन्हा पूर्णपणे आपलं आपण जगू शकला असा एकही नव्हता. 100 मागे सातच जण कुणाच्या आधाराशिवाय चालू शकत होते, आणि त्यांनाही बाकीच्या कामांत थोडी मदत लागायची. 32 जणांना चालायला आणि अंघोळ-संडासाला दुसरा माणूस लागत होता. 28 जण अंथरुणालाच खिळले.

त्या 32 जणांना काय म्हणायचं, इथेच डॉक्टर वेगळे होतात. एकाच्या लेखी ते वाचले, दुसऱ्याच्या लेखी अडकले. हे काही स्कॅनमध्ये दिसत नाही. माझी तक्रार डॉक्टरांचं एकमत झालं नाही ही नाही. "जीव वाचेल" आणि "विचार करा" या दोन वाक्यांच्या मध्ये, "बहुतेक ते पुन्हा आपले आपण चालणार नाहीत, त्यांचं सगळं तुम्हाला करावं लागेल" हे साधं मराठी वाक्य कुणी मामींना सांगितलं नाही, ही आहे. "माझे वडील असते तर" हे ऐकायला आपुलकीचं वाटतं, पण ते डॉक्टरांचे वडील नव्हते. डॉक्टरांनी विचारायला हवं होतं, "तुमचे हे कसे आहेत? कशात त्यांचा जीव रमतो?"

एक नातेवाईक तेव्हा कॉरिडॉरमध्ये म्हणाले, "सल्लेखना समजा आणि सोडून द्या." मला राग आला होता, अजून येतो. सल्लेखना माणूस स्वतः, शुद्धीत, गुरूंची आज्ञा घेऊन, कषाय कमी करत घेतो. बेशुद्ध माणसाच्या वतीने ती दुसऱ्याने घ्यायची नसते. ऑपरेशन नको म्हणणं हा योग्य निर्णय असू शकतो, पण त्याला व्रताचं नाव देऊन स्वतःचं ओझं हलकं करू नये.

मामींनी सही केली.

मामा वाचले. डावा हात, डावा पाय गेला. चाळीस वर्षं रात्री पाणीसुद्धा न घेणाऱ्या माणसाला नाकातल्या नळीने रात्री-अपरात्री दूध जायचं, आणि मामी ते देताना णमोकार म्हणत रडायच्या. (महाराजांना विचारलं. ते म्हणाले, रुग्णाचं शरीर सांभाळणं हाही धर्मच आहे, बरं वाटल्यावर प्रायश्चित्त घेऊ.) आता ते तोंडाने खातात, सूर्यास्ताआधी. व्हीलचेअरवर बसतात. बोलतात.

गेल्या दशलक्षणात मी धीर करून विचारलं, "मामा, तुम्हाला आधी विचारलं असतं तर?"

ते म्हणाले, "नको म्हणालो असतो." मग थोड्या वेळाने, "पण आता विचारशील तर बरं झालं म्हणेन. नातीला तत्त्वार्थसूत्र शिकवतोय."

मामी आत भांडी घासत होत्या. बाहेर येऊन मला हळूच म्हणाल्या, "मला नाही कुणी विचारलं." त्यांची कंबर गेलीय. दोन वर्षांत त्या एकदाही यात्रेला गेल्या नाहीत. आकडेवारीत मामा एक आकडा आहेत, मामी कुठेच नाहीत.

2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तो कागद मुख्यतः बरं होण्याची आशा संपलेल्या रुग्णासाठी आहे, त्यामुळे मामांच्या वेळी मामींची सही त्याने टळली नसती. पण निदान मामांच्या मनात काय आहे ते त्यांना माहीत असतं.

आम्ही दोघं एका रविवारी वही घेऊन बसलो. यांनी एका ओळीत लिहिलं, "काहीही करून वाचवा." मी लिहिलं, "चालता येणार नसेल तर नको." मग मामांचं बोलणं आठवलं आणि ते खोडलं. मामींची कंबर आठवली, परत लिहिलं. यांनी विचारलं, "मग नोटरीकडे कधी जायचं?" वही अजून देव्हाऱ्याखालच्या खणात आहे.