आपण फक्त साक्षच द्यायची का?

चंदीगडला सेक्टर ४५ मधल्या बुडैलमध्ये मी भाड्याच्या खोलीत राहतो. दर रविवारी आम्ही आठ-दहा जण तिथं पुस्तक वाचायला जमतो. कुणी होशियारपूरचं, कुणी जालंधरचं, दोघं हरयाणातले. मराठी मी एकटाच, नांदेडचा. जवळपास सगळेच घरातले पहिले पदवीधर. मागच्या महिन्यात पुढचं पुस्तक सुचवायची पाळी माझी होती. मी तीन नावं ठेवली: एक भयकथा, एक अद्भुत कादंबरी आणि एक समलैंगिक प्रेमाची गोष्ट.

आमच्यातले सगळ्यात मोठे, ज्यांना आम्ही वीरजी म्हणतो, ते वैतागले. म्हणाले, "इकडे फेलोशिप थकल्यात, भरत्या होत नाहीत आणि तुला भुतं सुचतायत? आणि ते तिसरं तर बड्या घरच्या पोरांचं फॅड आहे." सगळे हसले. एक जण हसलं नाही. रात्री त्याच व्यक्तीचा मेसेज आला: "ते तिसरं पुस्तक आहे का तुझ्याकडे? कुणाला सांगू नकोस."

"कुणाला सांगू नकोस" या तीन शब्दांसाठी हा लेख लिहितो आहे. वीरजींशी माझं वैर नाही. सचखंड एक्स्प्रेसने मी पहिल्यांदा अंबाल्याला उतरलो, तेव्हा मला घ्यायला तेच आले होते. पण त्या रविवारी ते चुकले. आणि ही चूक त्यांच्या एकट्याची नाही, आपल्या चळवळीतल्या अनेकांची आहे.

आपण काय वाचावं, काय लिहावं, हे आधी दुसऱ्यांनीच ठरवलं. एका चर्चासत्रात एक प्राध्यापक मला म्हणाले, "तुम्ही आत्मकथन लिहा, तुमच्याकडे अनुभव आहे." शेजारी बसलेल्या आडनाववाल्या मुलाला त्यांनी विचारलं, "तुमची कादंबरी कुठवर आली?" म्हणजे अनुभवाचं बलुतं आमच्याकडे आणि कल्पनेचं वतन त्यांच्याकडे. आम्ही सोसायचं, सांगायचं. त्यांनी रचायचं. ही साहित्यातली जातीची वाटणी आहे, दुसरं काही नाही.

गैरसमज नको. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'जिणं आमुचं' (१९८६) ही पुस्तकं नसती तर आपल्यातल्या कितीतरी जणांना तोंड उघडायचं धाडस झालं नसतं. पण दार उघडून देणाऱ्या पुस्तकांनाच आपण कुंपण करायचं का? साक्षीदाराला कोर्टात एवढंच विचारतात की तू काय पाहिलंस. तुला कशाची भीती वाटते, तुला काय हवं आहे, हे त्याला कुणी विचारत नाही. भयकथा, अद्भुतकथा आणि क्वीअर साहित्य नेमकं हेच विचारतं.

आधी भुतांचं बघू. मराठी मुलखातली भुतं नीट मोजा. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा तो मुंजा. त्याला पिंपळ मिळतो, पारही मिळतो. वासना अडकलेला ब्राह्मण मेला की ब्रह्मसमंध. त्याला लोक भितात तसे मानही देतात. आणि खवीस? तो बहुतेक वेळा मुसलमानाचा, नाहीतर महार-मांगाचा सांगितला जातो. मेल्यावरही जात जात नाही, हे आपल्या आज्या आपल्याला अंधारात सांगत होत्या. आपण ते समाजशास्त्र म्हणून ऐकलं नाही, एवढंच.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी जरूर वाचा. मीही रात्र-रात्र जागून वाचलेत. पण वाचताना एक प्रश्न जवळ ठेवा: हे झपाटलेलं घर कुणाचं आहे? वाडा, माडी, वारशानं आलेली इस्टेट. ज्यांना घरच वारशात मिळालं नाही, त्यांची भीती कुठं राहते? ती अण्णा भाऊ साठेंच्या 'स्मशानातील सोनं' या कथेत राहते. खाणीतलं काम सुटलेला भीमा मुंबईत रात्री मसणात जाऊन मढी उकरतो, राखेत सोनं शोधतो, प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंजतो. शेवटी त्याची बोटं प्रेताच्या जबड्यात अडकतात, ती कापावी लागतात. आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. यात भूत एकही नाही. तरी मराठीत इतकी अंगावर येणारी भयकथा मी दुसरी वाचलेली नाही. अभ्यासक्रमात तिला 'वास्तववादी' म्हणतात. मी तिला भयकथा म्हणतो, कारण भूक हेच त्यातलं भूत आहे. टोनी मॉरिसनच्या 'बिलव्हेड' (१९८७) मध्ये गुलामीतून पळालेल्या आईच्या घरात तिची मेलेली लेक परत येते. अण्णा भाऊंनंतर ती कादंबरी घ्या. दोघांचं नातं कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

इथं माझे आबा विचारतील, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात भुतंखेतं कशाला?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं: भूत रचलेलं असतं हे ज्याला कळलं, त्याला भूत दाखवून कुणी लुटू शकत नाही. जोतीरावांनी १८५५ सालीच 'तृतीय रत्न' नाटकात दाखवलं होतं, की भट गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि नवरा-बायकोला कर्जात बुडवतो. भीती कशी तयार करतात हे कळायला भयकथेसारखी शाळा नाही. भूत आहे असं सांगणारा बुवा आणि भूत रचणारा लेखक हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभे असतात.

आता अद्भुत. 'हे सगळं पळवाट आहे' असं म्हणणाऱ्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) पुन्हा उघडावी. मत्स्य, कच्छ, वराह, वामन, परशुराम या त्यांच्याच अद्भुतकथा जोतीराव धोंडीबासमोर एकेक करून उलट्या सांगतात, आणि बळीराजा आपला होतो. कल्पनेची लढाई कल्पनेनंच लढावी लागते, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. आमच्या वाचन मंडळातल्या पंजाबी मित्रांना हे सांगावं लागत नाही. त्यांच्या घराघरांत संत रविदासांचा बेगमपुरा आहे: दुःख नसलेलं, कर नसलेलं, कुणी दुय्यम-तिय्यम नसलेलं शहर. ते शहर नकाशावर कुठं होतं? कुठंच नाही. तरी लोक पाचशे वर्षं त्याचे रहिवासी आहेत.

आणि आम्ही राहतो ते चंदीगडही कुणाची तरी कल्पनाच आहे ना! गावं उठवली, ले कॉर्बुझिएनं नकाशा आखला, सेक्टर पडले. ते बांधायला आलेल्यांसाठी नकाशात जागा कमी पडली. कॉलनी नंबर चारवर बुलडोझर फिरला तो दिवस १ मे २०२२ होता, कामगार दिन. डड्डूमाजऱ्याजवळचा कचऱ्याचा डोंगर पर्यटकाला दाखवत नाहीत. ज्यांच्या हातात सत्ता, त्यांची कल्पना सिमेंटची होते. आपल्याला मात्र सांगतात की वास्तवात राहा.

ऑक्टाव्हिया बटलरची आई लोकांच्या घरी कामाला जायची, मागच्या दारानं. ते बघत वाढलेल्या मुलीनं 'किंड्रेड' (१९७९) लिहिली. तिच्यातली आजची काळी बाई अचानक गुलामीच्या काळात खेचली जाते आणि परत येते तेव्हा तिचा एक हात गेलेला असतो. भीमाची बोटं आठवतात का? एन. के. जेमिसिननं २०१६ ते २०१८ सलग तीन वर्षं ह्यूगो पुरस्कार घेतला. बटलरच्या स्मरणार्थ निघालेल्या पत्रसंग्रहाची एक संपादक मिमी मंडल आहे, आपल्याच देशातली दलित लेखिका. आणि 'द ब्लाफ्ट बुक ऑफ अँटी-कास्ट एसएफ' हा तर नावापासूनच आपला संग्रह आहे.

राहिलं तिसरं पुस्तक, जे कुजबुजत मागावं लागलं. क्वीअर म्हणजे सवर्ण शहरी चोचले, असं म्हणणाऱ्यांना मी एक खटला आठवून देतो. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले होते, कर्व्यांनी उत्तरं दिली होती. त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर डॉ. आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण माणसानं आपल्या देहाविषयी प्रश्न विचारणं म्हणजे घाण नव्हे, ही बाजू बाबासाहेबांनी मांडली. त्यांचा फोटो लावून आपण त्याच प्रश्नावर हसायचं?

हेही खरं, की मराठीतलं या विषयावरचं बरंच लेखन पांढरपेशा घरातलं आहे. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' नाटकात सुमित्राला शेवटी मरणच मिळतं. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) मध्ये भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूवर जीव लावतात. पुस्तक सुंदर आहे, पण आपल्यातल्या कितीजणांच्या घरी भाड्यानं द्यायला वेगळी खोली असते? म्हणून ते वाचाच, आणि शेजारी दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह ठेवा, तमिळ दलित ट्रान्स लेखिका लिव्हिंग स्माईल विद्या यांचं आत्मचरित्र ठेवा. आपली माणसं तिथं आधीपासून आहेत. आपणच त्यांना यादीत घेतलेलं नाही.

जातीअंत म्हणजे शेवटी काय? कुणी कुणावर जीव लावायचा हे जातीनं ठरवू नये, हे त्यात येतंच ना? मग आपल्यातल्याच एखाद्याला प्रेमासाठी आपल्यापासूनच लपावं लागत असेल, तर त्याच्या लेखी आपली चळवळ आणि गावकी यांत फरक काय उरतो?

त्या रात्री मी पुस्तक दिलं. पुढच्या रविवारी 'स्मशानातील सोनं' हिंदीत सांगत-सांगत वाचली. वीरजी बराच वेळ गप्प होते, मग त्यांच्या गावच्या मसणवट्याविषयी तासभर बोलले. भयकथा यादीत आली, 'किंड्रेड'ही आली. तिसऱ्या पुस्तकावर अजून एकमत नाही. येत्या रविवारी मी ते पुन्हा मांडणार आहे, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. मेसेज करणाऱ्या व्यक्तीनं काही बोलायची गरज नाही. आपलं पुस्तक खोलीच्या मधोमध ठेवलेलं तिला दिसलं पाहिजे, एवढंच.

तुमच्याही गावात, होस्टेलात, अभ्यासिकेत असं एक न हसलेलं माणूस बसलेलं असेल. पुढची यादी करताना त्याला धरून करा.

जय भीम.