मार्डनचे जळालेले बाड

हल्ली 'यशस्वी कसे व्हावे' हे शिकवणाऱ्या शिबिरांना आपली मुले फी भरून जातात. तिथे जे सांगतात त्यातले बरेचसे शंभर वर्षांपूर्वीच ऑरिसन स्वेट मार्डन या अमेरिकन लेखकाने लिहून ठेवले आहे. धंद्यात मन आणि चारित्र्य यांचा वाटा काय, यावर लिहिणाऱ्या सुरुवातीच्या लेखकांपैकी तो एक. त्याची पुस्तके वाचण्याआधी त्याचे आयुष्य पाहावे, असे मला वाटते.

जन्म 1848 चा, न्यू हॅम्पशायरमधला. तिसऱ्या वर्षी आई गेली, सातव्या वर्षी बाप. हा यतीम पोरगा परक्या घरी राबत वाढला. एके दिवशी माळ्यावर सॅम्युएल स्माइल्सचे 'सेल्फ-हेल्प' त्याच्या हाती लागले आणि शिकण्याची जिद्द धरली. हॉटेलांत काम करून त्याने हार्वर्डची वैद्यकीची पदवी घेतली, कायद्याचीही घेतली. धंदा मात्र हॉटेलाचाच केला. नेब्रास्कात दुष्काळ पडला, धंदा बसला. त्यातच हॉटेलला आग लागून पाच हजारांवर पानांचे हस्तलिखित जळाले. त्याने ते पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतले. तेच 'पुशिंग टू द फ्रंट', 1894 साली छापले गेले आणि देशोदेशी खपले.

इथपर्यंत माझा त्याला सलाम. पण पुढे तो लिहू लागला की गरिबी ही बहुतांशी मनाचीच उपज आहे. हे मला मान्य नाही. सुताचा भाव चढला, पार्टीने पैसे अडकवले, तर मागवाल्याने काय विचार करून माग चालवावा? रिझ्क अल्लाहच्या हाती आहे. आणि नेब्रास्कातला पाऊस काय मार्डनच्या विचारांमुळे थांबला होता?

सचोटीबद्दल तो लिहितो ते मात्र खरे. कापडाच्या दुकानात मीटरपट्टी ताणून धरली की गिऱ्हाईक काही बोलत नाही, फक्त पुढच्या ईदला दुसऱ्या दुकानात जाते. मापात मारणाऱ्यांसाठी कुरआनात एक अख्खी सूरह आहे, तरी पट्टी ताणणारे आपल्यातही आहेत.

मार्डनने 1897 मध्ये 'सक्सेस' नावाचे मासिक काढले. तेही काही वर्षांनी बुडाले. 1918 साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्याने ते पुन्हा सुरू केले आणि 1924 मध्ये तो वारला. शिबिरात मुलांना त्याचे हे बुडणेही सांगतात का, ते पालकांनी एकदा विचारावे.