शिळी भाकर आणि आपली लाज

सोयाबीनचं निंदण लागलं की सुलतानपुरातल्या बाया सकाळीच वावरात निघतात. लेकरांच्या हातात चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा. टोपल्यात रात्रीची भाकर तशीच. "शिळं देऊ का ताई लेकराला? लोक काय म्हणतील?" एका मायनं मला विचारलं.

तिची लाज मला कळते. दारोदार मागून आणलेल्या तुकड्यांवर आपले आजे-पणजे जगले. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितलं, आपण सोडलं. पण ते दुसऱ्याचं उष्टं होतं. आपल्या मजुरीच्या ज्वारीची, आपल्याच तव्यावरची भाकर उष्टी कशी?

ती कुस्करा. कांदा-मिरचीची फोडणी द्या, रात्री भिजवलेली मटकी झाकून वाफवा, मग कुस्करा आणि मूठभर शेंगदाण्याचा कूट घाला, वरून लिंबू पिळा. पंधरा मिनिटं लागतात. सोबत उकडलेलं अंडं असलं तर फारच छान. भाकरीला वास किंवा बुरशी आली असेल तर मात्र फेकाच.

चहा तासाभरानं घ्या. खाण्यासोबतचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. लिंबानं ते लागतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. निंदताना येणारी चक्कर दरवेळी उन्हाचीच नसते, बायांनो.

आणि हो, बाई वावरातला डबा बांधते तोवर कांदा घरच्या गड्यानं चिरावा.