हिशेब कोणाला द्यावयाचा?

हिशेब हा शब्द कानी पडताच आपल्या वडीलधाऱ्यांना सावकाराची वही आठवते. त्या वहीत काय लिहिले आहे हे ज्याच्या नावावर कर्ज असे त्यालाच ठाऊक नसे. अंगठा मात्र त्याचा असे. ती वही गेली असे आपण समजतो. परंतु ज्याच्या नावाने पैशाची नोंद होते त्याला वही दाखवावयाची नाही, ही रीत अद्याप गेलेली नाही. परदेशी विकाससंस्थांच्या आपल्या देशातील कार्यालयांत ती सभ्य वेषाने नांदते आहे. आपल्या अनेक वस्त्यांची नावे त्यांच्या लाभार्थ्यांच्या याद्यांत असतात आणि आपली शिकलेली मुले तेथे हिशेबनीस म्हणून कामाला लागतात. म्हणून हा विषय आम्ही आज हाती घेत आहो.

अशा संस्थेचे मुख्य कार्यालय लंडनला वा जिनिव्हाला असते व देशोदेशी तिची कार्यालये असतात. देणगीदाराचा पैसा बहुधा एका ठराविक कामाला बांधलेला असतो. विहिरीसाठी आलेला पैसा शाळेकडे वळविता येत नाही. खर्चाची मागणी करणारा एक, मंजुरी देणारा दुसरा, धनादेशावर सही करणारा तिसरा आणि खतावणी लिहिणारा चौथा, अशी कामाची वाटणी असते. कारण चारही कामे एकाच हाती गेली तर चोरी पकडावयास कोणी उरत नाही. दरमहा बँकेच्या उताऱ्याशी वही ताडून पाहावयाची, कार्यकर्त्याने घेतलेल्या आगाऊ रकमेची पावती मागावयाची, वर्षअखेर हिशेबतपासनिसापुढे सर्व कागद मांडावयाचे, हा तेथील नित्यक्रम होय. तो उत्तम आहे, यात आम्हांस यत्किंचितही शंका नाही.

परंतु हा सारा हिशेब जातो कोणीकडे? तो वर जातो. एक साधे उदाहरण घ्या. एका योजनेस एक लक्ष पौंड मंजूर झाले तेव्हा पौंडाचा भाव 100 रुपये होता आणि पैसा आला तेव्हा तो 105 झाला, असे समजा. योजनेच्या पदरी पाच लक्ष रुपये अधिक पडले. त्यांचे काय करावयाचे हे देणगीदार व मुख्य कार्यालय ठरवितात. वस्तीला ते पाच लक्ष आले हेही कळत नाही. उलट भाव पडला तर काटछाट मात्र वस्तीच्या वाट्याला येते आणि पाचाऐवजी चार विहिरी का झाल्या, हे तिला कोणी सांगत नाही.

दुसरा हिशेब सरकारकडे जातो. परकीय देणग्यांचे नियमन करणारा कायदा 1976 साली झाला, 2010 साली तो नव्याने करण्यात आला आणि 2020 साली त्यात कडक दुरुस्त्या झाल्या. प्रशासनखर्चाची मर्यादा निम्म्यावरून 20 टक्क्यांवर आली. परकीय पैसा प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घेण्याचे बंधन आले. मिळालेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई झाली. त्यामुळे मोठ्या संस्थेच्या आधाराने जिल्ह्यांत काम करणाऱ्या लहान संस्थांची वाट बंद झाली. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्त्या मुख्यत्वे वैध ठरविल्या. हिशेब राखण्याचा खर्चही नियमाप्रमाणे प्रशासनखर्चातच मोडतो. तेव्हा टक्केवारी सांभाळण्यासाठी चांगला हिशेबनीसच कमी करण्याचा मोह होतो, हे धोक्याचे आहे.

देणगीदाराला हिशेब पाहिजे, सरकारला हिशेब पाहिजे. मग ज्यांच्या दारिद्र्याचे वर्णन करून हा पैसा मिळविला त्यांना तो का नको? ती माणसे अडाणी आहेत, त्यांना आकडे कळणार नाहीत, असे उत्तर कोणी देईल. हे उत्तर खोटे आहे. राजस्थानात पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे डिसेंबर 1994 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी घेतली. सरकारी कामांची बिले व हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचण्यात आले आणि ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनीच त्यांतील खोट दाखवून दिली. आपण कामावर होतो की नव्हतो हे सांगावयास शाळेची गरज लागत नाही. पुढे 2005 च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाची तरतूद झाली, तिच्या मुळाशी हाच अनुभव होता. जे सरकारी पैशाला लागू तेच देणगीच्या पैशालाही लागू असले पाहिजे.

याची निकड 2025 साली जगाने पाहिली. त्या वर्षी 20 जानेवारीस अमेरिकेने परदेशांस द्यावयाची विकासमदत 90 दिवसांसाठी थांबविली आणि 1 जुलैपासून युसेडचे मदतकार्य बंद झाले. देशोदेशींची कामे मध्येच थांबली. आपला दवाखाना कोणाच्या पैशावर व कोणत्या तारखेपर्यंत चालणार आहे, हे ज्या वस्तीस आधी ठाऊक असेल तीच वेळीच दुसरी तजवीज करू शकेल.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. योजना वस्तीत आली की फलक मागा. किती पैसा मंजूर झाला, किती आला, कशावर खर्च झाला, किती उरला व मुदत कधी संपते, हे त्यावर मराठीत लिहिलेले असावे. वर्षातून एकदा बिले सभेत वाचून दाखवावयास सांगा. आणि अशा कार्यालयात नोकरीस असलेल्या तरुणांनो, आपल्या आजोबांचा अंगठा ज्या वहीवर उमटला ती त्यांना वाचता आली नाही, हे विसरू नका. आज वही तुमच्या हाती आहे. ती वस्तीपुढे उघडी करणे हे उपकाराचे काम नव्हे; ते कर्तव्य आहे. जो हिशेब मागतो तो भिक्षेकरी राहत नाही, तो हक्कदार होतो.